अर्पिताचं ऑर्किड

नागेश,

अर्पिताचं ऑर्किड मी उकिरड्यावरून परत आणलंय. आता फेकलंस तर बघ.

चूक माझीच हाय. कुंडी बदलताना आपली काळी माती आन शेणखत दाबून भरलं, मुळं तुटली, मग सडली. सडकी मुळं कापून हळद लावलीय, कोळसा आन नारळाच्या शेंड्यांत बसवलंय. हिरवी मुळं दोनच उरलीत, पण झाड जगतंय. चार दिवस पाणी घालू नको. भाकरी दुरडीत हायत.

मी पिंगळीला अर्पिताच्या माहेरी चाललेय, तू नको म्हणालास तरी. झाडाची नासाडी मी केली, हे तिला तोंडावर सांगणार हाय. झाडापायी तू तिच्यावर हात उचललास, ते चुकलं हे तू येऊन सांग. तोवर मी तिकडंच राहीन.

आई