वरच्या लिओची गुन्वोर

“आई एकच होती, आणि ती माझ्या घरात गेली,” असं माझ्या वडिलांनी चर्चच्या पायरीवर आपल्या धाकट्या भावाला ऐकवलं होतं. काका म्हणाले, “मग मी काय खडकातून उगवलो?” दोघांच्याही हातात त्याच वसंतात जन्मलेली आपापली तान्ही मुलगी होती, आणि दोघांनाही आपल्या मुलीचं नाव नुकत्याच वारलेल्या आईवरून गुन्वोर ठेवायचं होतं. कुणीच माघार घेतली नाही. त्या दोघींतली एक मी.

तर मी, वरच्या लिओ वाडीची गुन्वोर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्या शुद्धीबद्दल माझी चुलत बहीण, खालच्या लिओची गुन्वोर, शंका काढील. ती तिने जन्मभर काढलीच आहे.

एक. माझं घर, सफरचंदांची बाग आणि फियोर्डच्या खाडीकाठची होडीची खोप ओस्नेला मिळावी. ती खालचीची नात. पण दर शरदात माझी फळं तीच उतरवते. यात कसलीही अट नाही आणि ही लाच नाही. शेवटपर्यंत वाचाल तेव्हा हे वाक्य आठवा.

दोन. बँकेतली शिल्लक चर्चच्या छपरासाठी. ते नेमकं माझ्या बाकावर गळतं. पाद्रीबाबा स्वर्गातून होणाऱ्या कृपेच्या वर्षावाबद्दल बोलू लागले, की मी टोपी घालते.

तीन. कलमं बांधायची सुरी खालचीला. माझी शिडीही तिच्याकडेच आहे, तीही तिने ठेवावी. फक्त ती माझी होती एवढं कबूल करावं.

चार. आजीची चांदीची पिन, जिच्यावरून आमचे वडील मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत, तीसुद्धा खालचीला. दर सणाला ती मला म्हणायची, “वरचे, तिरकी लागलीय गं.” आता तिने ती सरळ लावून दाखवावी.

नाव मात्र कुणाला लिहून देता येत नाही. आमच्या शाळामास्तरांनी सांगितलं होतं, जुन्या भाषेत गुन म्हणजे युद्ध आणि वोर म्हणजे सावध. आजीच्या आधीची गुन्वोर वादळात स्वतः होडी वल्हवत सुईण आणायला गेली आणि परतताना होडीतच बाळंत झाली म्हणे. सावधपणाचं माहीत नाही, पण बाई लढाऊ होती. ही नावं आमच्याकडे नुसती ठेवत नाहीत, कुणावरून तरी ठेवतात. बाप्तिस्म्यानंतरच्या कॉफीला पहिला प्रश्न तोच असतो, कुणावरून?

मागच्या रविवारी ओस्ने पोटावर हात ठेवून म्हणाली, “मुलगी झाली तर गुन्वोर.”

“माझ्यावरून,” खालची लगेच म्हणाली.

“आजी, आधी होऊ तर दे!”

“होऊ दे की. पण माझ्यावरून.”

मी कॉफी ओतत राहिले. बशीतही ओतली.

वरील सर्व मी स्वखुशीने लिहून आज दोन साक्षीदारांसमोर सही केली आहे. यातलं त्या दोघांना काहीही मिळत नाही. वॅफल मिळाली, ती खाऊन झाली.

गुन्वोर, वरचं लिओ, हार्डांगर
१८ ऑक्टोबर १९८७

साक्षीदार: टोर्गेइर, चर्चचा घंटावाला
हेरबोर्ग, टपाल कचेरी

सहीखालच्या मजकुराला कायद्यात किंमत नसते, असं हेरबोर्ग सांगते. म्हणूनच हे इथे लिहिते. खालचे, तुझ्यावरून आधीच दोन नातींची नावं ठेवली आहेत, एक हॉलंडमध्ये आणि एक इथेच गावात. माझ्यावरून कुणीच नाही. तू नाहीच म्हणणार, “जिवंत आजी समोर बसलेली असताना?” असं विचारशील, आणि ते खरंही आहे. तरी मागते. कॉफीच्या वेळी बायका विचारतील, “कुणावरून गं?” तेव्हा ओस्नेच्या आधी तूच बोल, आणि “वरचीवरून,” असं सांग.