एका वेळी एक नळी

आई, तू गेल्यावर मी तुझ्याच कामात आले. तू यवतमाळच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचीस, मी पुण्यात तेच करते. फरक इतकाच की तू रक्तातलं एक प्रथिन मोजायचीस, आणि माझं मशीन थेंबभर रक्तातली हजारो प्रथिनं मोजतं, तीही बारीक खळग्यांच्या एका प्लेटमध्ये भरलेल्या सगळ्या माणसांची एकदमच.

कपाशीच्या त्या वाईट वर्षांत बोंडअळी हटत नव्हती आणि फवारणी थांबत नव्हती. कपाशी डोक्याच्या वर गेली की फवारा उलटा तोंडावर येतो. दारव्ह्याकडून जीप भरून माणसं यायची, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. विष अंगात किती भिनलंय ते तू त्या एका प्रथिनावरून सांगायचीस. ते जितकं खाली, तितका माणूस खोलात. एका वेळी एक नळी, आल्या क्रमानं. एक दिवस अजून डोळ्यांपुढे आहे: मी कॉलेजातून परस्पर तुझ्याकडे आलेय, आणि तू रांगेतली शेवटची नळी उचलून पुढे घेतेस. तिच्यावर मामाचं नाव आहे. मामा बाभुळगावला रोजानं फवारायला गेलता. मी काही बोलायच्या आत तू म्हणतेस, "पाहू नको इकडं. माहा भाऊ हाय तो."

मामा वाचला. तेव्हा ज्याची पाळी होती आणि नळी मागे राहिली तो तरणाताठा माणूस संध्याकाळ व्हायच्या आत गेला. त्याच्या बायकोला अजून कोणी सांगितलं नव्हतं. ती लॅबच्या खिडकीशी येऊन विचारत होती, "बाई, आमचा रिपोर्ट आला काय?" तू खिडकीतून हात बाहेर काढून तिचा हात धरलास, तेवढंच.

डॉक्टरांनी तुला परोपरीनं समजावलं, "अहो ताई, औषध मी दोघांनाही आल्याबरोबर सुरू केलं होतं. रिपोर्टसाठी कोणी थांबतं का?" तू मान हलवलीस. पण मामा बरा होऊन घरी आला, तेव्हा त्याला जेवायला वाढून तू स्वतः न जेवता बाहेर ओट्यावर जाऊन बसलीस. त्यानं मला विचारलं, "काहून वं, ताई मायासंगं बोलत नाही?" मी त्याच्या ताटात आणखी भाकर वाढली. पुढे तू अंथरुणाला खिळलीस, तो येऊन पायथ्याशी बसायचा, आणि तुझं तोंड भिंतीकडे. तशीच गेलीस.

माझ्या प्लेटमध्ये कोणी आधी नाही, कोणी मागे नाही. म्हणूनच हे काम धरलं, असं मी लोकांना सांगते. गेल्या महिन्यात आपल्याच जिल्ह्यातल्या फवारणाऱ्या मजुरांचं रक्त बर्फात घालून आलं. नावं नाहीत, नुसते क्रमांक. माणसं चालतीफिरती, रोज कामावर जाणारी. तरी तुझं ते प्रथिन कित्येकांचं खाली गेलेलं, आणि यकृतात, मज्जातंतूंत राहायला हवीत ती प्रथिनं रक्तात उतरलेली. मी अभ्यास चालवणाऱ्या साहेबांना विचारलं, "सर, यांना कळवणार कोण?"

"मॅडम, हा अभ्यास आहे. क्रमांकाला काय कळवणार?"

मी निकालावर सही केली, हात धुतले, कॅन्टीनमध्ये गेले. पोळी-भाजी घेतली, आणि वर दही मागून घेतलं. आई, त्या दिवशी मला चांगली भूक लागली होती.