चौथी ओळ रिकामी

प्रिय अंगद,

फोनवर तू 'बोल अक्का, पटकन बोल' म्हणतोस आणि मी 'काही नाही, सहज केला' म्हणून ठेवून देते. म्हणून पत्र. पुढच्या रविवारी तू दादांना न्यायला येणार आहेस. पुण्याच्या त्या वृद्धांच्या केंद्रात खोली ठरली आहे, तिथं नर्स आहे, फाटकाला कुलूप आहे, हे सगळं मला पटलेलं आहे. दादा दौलताबादच्या रस्त्यावर ट्रकच्या पुढं चालत होते, हे तुला मीच कळवलं होतं. मागच्या खेपेला त्यांनी तुला, पोटच्या पोराला, 'बसा साहेब' म्हटलं आणि स्वतःची खुर्ची पुढं केली. तू चहा घेतलास आणि गाडीजवळ जाऊन उभा राहिलास. तेव्हापासून तू म्हणतोस, आपण कोण हेच त्यांना कळत नाही, मग कुठंही राहिले तरी त्यांना काय. मी अडवायला लिहीत नाही. त्यांचे कपडे धुऊन ठेवले आहेत. आधी नर्सरीतलं एक सांगायचं आहे.

दिवाळीनंतर पॉलिहाऊसमधल्या शेवंतीच्या कुंड्यांत भलतंच काहीतरी उगवायला लागलं. शेवंती होती तशीच होती, तिच्या बुडाशी हे. दोऱ्यासारखं खोड आणि त्याला बारीक, टोकदार पानं. कामाला येणाऱ्या चंपाबाईनं एक रोप चुरगाळून हुंगलं. 'बडीशेप नाय, शेपू नाय, वास बी नाय. अक्षदाताई, करणी केल्यावाणी उगवलंय हे,' असं म्हणून तिनं सगळं उपटून टाकलं. काही दिवसांनी पुन्हा उगवलं, त्याच कुंड्यांत. तुझ्या दाजीनं, विश्वजीतनं, फोनमधून त्याचे फोटो काढून विचारलं. फोन एकदा म्हणाला देवदाराचं पिल्लू, दुसऱ्यांदा म्हणाला कुठलंसं परदेशी गवत. विश्वजीत म्हणाला, तिसऱ्यांदा विचारलं तर माझंच नाव सांगेल. एका गिऱ्हाईक बाईंनी तर शेवंती सोडून तेच मागितलं, बाल्कनीत नाजूक दिसेल म्हणून. शेवटी विश्वजीतनं ठरवलं की कुंड्यांत भरायच्या कोकोपीटमध्येच, त्या नारळाच्या भुशातच, तण आलं आहे. क्रांती चौकाच्या मागं ज्याच्याकडून आपण ते घेतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, 'भाईसाब, अपना माल एकदम साफ है. उसमें घास कायकू उगेगी?' बराच वेळ भांडण झालं आणि कटकट नको म्हणून त्यानं दोन पोती फुकट पाठवून दिली. ती अजून कोपऱ्यात तशीच आहेत. त्याला आता कोणत्या तोंडानं सांगायचं, हे विश्वजीतला सुचलेलं नाही.

सकाळी मी दादांना पॉलिहाऊसमध्येच बसवते. जाळीचं दार लावलं की ते बाहेर जात नाहीत. थोडा वेळ खुर्चीत बसतात, मग उठून कुंड्यांच्या ओळींमधून फिरतात. ओळीच्या टोकाला गेले की जाळीकडं तोंड करून उभे राहतात. चंपाबाई हात धरून फिरवेपर्यंत तसेच. तूही पाहिलं आहेस. वाट विसरतात, असं मी तुला सांगितलं होतं. मधूनच मायची चौकशी करतात. पहिल्या वर्षी आम्ही माय वारली हे खरं सांगायचो, आणि दर वेळी माय त्यांच्यासाठी त्या दिवशीच जायची. ते बघवेना. आता आम्ही 'वेरूळला गेलीय, देवाला' म्हणतो. 'इतका वेळ?' 'गर्दी असंल.' मग ते पुन्हा ओळीतून चालू लागतात. त्यांचं समाधान होतं की नाही, सांगता येत नाही. पण वाट बघायला त्यांना जमतं.

गेल्या आठवड्यात नुकतंच डोकं वर काढलेलं एक रोप मी उचललं. त्याच्या शेंड्याला बियाचं टरफल टोपीसारखं अडकलेलं होतं. चपटं, तपकिरी, चकचकीत. हे मी रोज बघते, असं वाटलं. स्वयंपाकघरात गेले. दिवाळीत भरलेली जवसाची बरणी तळाला गेली होती, आणि या दिवसांत आमच्याकडं जवसाची चटणी झालेली नाही. परत येऊन मी पुन्हा कुंड्या पाहिल्या. रोपं नाही, ओळी पाहिल्या. तीन ओळींत कुंडीमागून कुंडी जवस, चौथी ओळ रिकामी. पुन्हा तीन भरलेल्या, पुन्हा एक रिकामी. चंपाबाईनं उपटलं तेव्हा दादा तिला म्हणाले होते, 'पाखरांनी खाल्लं बाई. दुबार पेरावं लागंल.' आम्ही दोघी हसलो होतो.

गावाकडची माळाची पट्टी तुला आठवत असेल. तिथं जवस असायचं. दादा तिफण धरायचे, तिफणीच्या तीन ओळी. मागं दोरीला बांधलेलं सरतं, ती बी सोडायची बांबूची पोकळ नळी, मायच्या हातात. ओटीत करडई. दादांच्या तीन ओळी झाल्या की शेजारी मायची एक, करडईची. करडई काटेरी, जनावर शिरत नाही. ती ओळ दादांनी कधी पेरली नाही. 'तुमच्या मुठीत पायलीभर मावतंय, बी काय फुकटचं हाय का?' असं माय म्हणायची आणि सरतं हातचं सोडायची नाही. इथं कुंड्यांमध्येही त्यांनी ती ओळ पेरलेली नाही. तिच्यासाठी ठेवली आहे. ती वेरूळहून आली की पेरील.

करडई आता फारसं कुणी पेरत नाही. पडेगावात पोपटाचं खाणं म्हणून मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पदरात घेऊन मी दादांच्या मागं चालले. ते आपल्या कुंडीत चिमूट सोडत होते, मी शेजारच्या रिकाम्या ओळीत सोडत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. अर्ध्यावर गेल्यावर म्हणाले, 'दाट पडायलंय. हात हलका धर.' मी हळूच 'व्हय' म्हटलं. मायला त्यांनी असं काही म्हटलं असतं तर त्यांनाच तिचं ऐकून घ्यावं लागलं असतं. माझ्या 'व्हय'वर ते थोडे थांबले, मग पुढं चालले. टोकाला आम्ही पोचलो. रोजच्यासारखे ते जाळीकडं तोंड करून उभे राहिले. मी मागं उभी होते. मग ते समोर, जिथं कुणीच नव्हतं तिथं बघून म्हणाले, 'आंगदा, वळव.' थोडं थांबले. 'आंगदा, ध्यान कुठंय तुझं? सारखं मोटारीकडं बघतंय येडं. बैल वळव, मायला ऊन लागायलंय.'

नव्या गोऱ्ह्याची दोरी धरून पुढं चालणं तुझं काम होतं, आणि पट्टीच्या टोकाला आलं की तुझं सगळं लक्ष वेरूळच्या रस्त्यानं जाणाऱ्या टुरिस्ट बसकडं असायचं. दादा वाट विसरलेले नाहीत, अंगद. ते रोज प्रत्येक ओळीच्या टोकाला तुझ्यासाठी थांबतात. तू बैल वळवल्याशिवाय त्यांना वळता येत नाही. एवढं कळवायलाच लिहिते आहे. तू रविवारी नको, शनिवारी ये. सकाळीच ये आणि घरात न येता सरळ पॉलिहाऊसमध्ये ये. त्यांच्या समोर उभा राहू नकोस, ओळखलं का म्हणून विचारू नकोस. तोंड दिसलं तर कदाचित पुन्हा साहेबच म्हणतील. पाठमोरा त्यांच्या पुढं चाल, दोरी धरल्यासारखा, आणि टोकाला आलास की वळ. मागं मी करडई घेऊन असेन. त्यानंतर रविवारी त्यांना न्यायचं की नाही ते तू ठरव, मी काही म्हणणार नाही. पिशवी भरून दाराशी ठेवते. चंपाबाईला सांगून ठेवलं आहे, आता काही उपटायचं नाही. जवसाची बरणी पुन्हा भरली आहे. त्यांचा हात पोचेल अशी, खालच्या फळीवर ठेवली आहे.

तुझीच,
अक्का