ओलावा सत्तेचाळीस

३ डिसेंबर

मास्तरांची कवळी पोचवायला गेले आणि भिंतीवर ती दिसली.

कवळी पोचवणं हे माझं काम नाही. मी लॅबमध्ये बसून दात लावते, माणसांची तोंडं डॉक्टरीणबाई बघतात. पण मास्तरांना तीन जिने उतरवत नाहीत आणि दवाखान्यातला माणूस रजेवर. म्हणून मी. एकच खोली, कोपऱ्यात ओटा, पलीकडे बाथरूम. कपाटावर जुन्या वह्यांचे गठ्ठे. शाळेत भूमिती शिकवायचे. आणि पलंगाच्या वर, खिळ्याला दोरीनं टांगलेली गिटार. लहान अंगाची, बारीक कमरेची, शंभरीच्या आसपासची. मान बाराव्या पडद्यापाशीच अंगाला मिळते, हल्लीच्या गिटारींसारखी चौदाव्याला नाही. तारा जिथे बांधतात त्या घोडीची दोन्ही टोकं पिरॅमिडसारखी कोरलेली. खुंट्यांची बटणं पिवळी पडलेली, एक बदललेलं.

माझ्याकडे सहा आहेत, सगळ्या जुन्या, सगळ्या लहान. अशी एकही नाही.

मास्तर नवी कवळी बसवत म्हणाले, "दात बघायला आलात ना? मग माझ्याकडे बघा की."

५ डिसेंबर

पुन्हा गेले. कवळी टोचते का विचारायला. टोचत नव्हती, ते मला ठाऊक होतं.

दातांचा छोटा आरसा आणि बॅटरी नेली होती. गिटारीच्या गोल भोकातून आत घातला. आतल्या पट्ट्या शिडीसारख्या, सगळ्या जागच्या जागी. पाठीला जुनी चीर, तिला आतून पाच लाकडी ठिगळं — कुणीतरी मन लावून चिकटवलेली. मीसुद्धा इतकी नीट लावली नसती.

"बायकोची," मास्तर म्हणाले. "मला एक सूर येत नाही. माझ्याकडे ऐकायचं खातं होतं. चाळीस वर्षं बिनपगारी."

मांडीवर घेतली. मोठ्या गिटारीला आपल्याला मिठी मारावी लागते. ही मांजरासारखी आपली आपण बसते. एक तार छेडली. एवढ्याशा अंगातून इतका कोरडा, स्वच्छ आवाज — आवाज न चढवता कुणी खरं बोलावं तसा.

मग विचारलंच, देणार का. ते म्हणाले, "मी आहे तोवर ती इथेच. नंतर तुमची. लेकीला तसं सांगून ठेवतो."

घरी येईपर्यंत ते "नंतर" जिभेवर घोळत होतं.

६ डिसेंबर

नवऱ्याला सांगितलं. तो पेपरमधून मान वर न काढता म्हणाला, "सातवी सवत. म्हणजे आता मी बाल्कनीत झोपायचं."

९ डिसेंबर

आज ओलावा मोजायचं यंत्र नेलं. आकडा अठ्ठावीस! या गिटारींना हवेत पंचेचाळीस ते पन्नास टक्के ओलावा लागतो. थंडीत हवा अशी कोरडी पडली की लाकूड आक्रसतं आणि वाट मिळेल तिथे फाटतं. भोकाच्या कडेला नखाएवढी चीर सुरू झालीच आहे. ताजी. आतलं लाकूड अजून पांढरं दिसतंय.

मास्तरांना दाखवली. ते चष्मा काढून अगदी जवळून बघत राहिले. "ही मागच्या वर्षी नव्हती," म्हणाले. मग लगेच, "काय करायचं ते सांगा. मी करतो."

एखादा हिवाळा आणखी असा गेला तर पुढची फळी उभी फाटेल. मास्तर पंच्याऐंशीचे. तिच्याकडे वेळ कमी आहे.

(हे "तिच्याकडे" लिहिलं मी. असू दे.)

१२ डिसेंबर

दिवसभर मास्तरांच्या खोलीत. लॅबला दांडी.

दोन्ही खिडक्यांच्या फटींना फोमची पट्टी लावली. दाराखाली पायपुसणं गुंडाळून ठेवलं. खरा चोर बाथरूममध्ये सापडला. वरच्या छोट्या खिडकीला काचाच नाहीत, नुसती चौकट, आणि तिच्यातून कोरडा वारा सरळ आत. थर्माकोल कापून बसवला आणि कडेनं कवळीचं गुलाबी मेण भरलं. केसभर फट राहिली नाही. हातचं काम — उतरल्यावर दोनदा मान वर करून बघितलं.

मास्तरांना सांगितलं, आंघोळ झाली की बाथरूमचं दार उघडं टाका, वाफ खोलीत येऊ द्या. गॅसचा गिझर आहेच. जुना आहे, पण पाणी कढत देतो. शिवाय रोज सकाळी आंघोळीनंतर यंत्रावरचा आकडा बघून मला फोन करायचा.

"म्हणजे आंघोळ मी करायची आणि न्हाणार ती," मास्तर म्हणाले. "लग्नात असंच होतं."

१३ डिसेंबर

साडेसातला फोन. "चौतीस. पेशंटनं रात्र बरी काढली."

१६ डिसेंबर

एकोणचाळीस.

१९ डिसेंबर

त्रेचाळीस! मास्तर मला आता अगं-तुगं करतात. "अगं दातवाले, त्रेचाळीस." शाळेत एखाद्या ढ पोराला पहिल्यांदा पास केल्यावर असाच आवाज लागत असणार.

२३ डिसेंबर

सेहेचाळीस. संध्याकाळी जाऊन आले. चीर थांबली आहे. कड मिटत आली आहे, बोट फिरवलं तर लागत नाही. दुरुस्तीला सोपी जाईल.

मास्तरांना सकाळी डोकं जड वाटतं म्हणे. "दुपारी खाली शिंप्याच्या दुकानात जाऊन बसलो की उतरतं." तीन जिने उतरले! मी म्हटलं, बघा, तिच्यामुळे तुम्हीही हिंडायला लागलात.

सर्दी असेल. मी सांगितलं, कढत पाण्यानं जरा जास्त वेळ आंघोळ करा, वाफेनं मोकळं वाटेल. दोघांनाही चांगलं.

२७ डिसेंबर

घरच्या भिंतीवर सातवा हूक ठोकला. थोरली आणि ठेंगणी यांच्या मधोमध. नवरा बघत उभा. "मास्तर अजून आहेत ना?"

आहेत, म्हटलं.

"मग भिंतीला थोडी लाज वाटू दे."

चिडले. पण हूक काढला नाही.

३० डिसेंबर

आज फोनवर मास्तर म्हणाले, "चौऱ्याहत्तर." मी हातातलं मेण टाकून धावले — एवढ्या ओलाव्यात जुना सरस सुटतो, घोडी उखडते. रिक्षात बसून देवाचं नाव घेतलं, ते गिटारीसाठी. जाऊन बघते तर यंत्रावर सत्तेचाळीस. आकडे उलटे वाचले.

"असं कसं झालं," मास्तर कितीदा तरी म्हणाले. "आकडे मला चुकत नाहीत गं."

खरंच नसतील चुकत. पण पंच्याऐंशी म्हणजे पंच्याऐंशी. मी चहा करून दिला. माझंही डोकं ठणकत होतं. सकाळपासून उपाशी, त्यात ती धावपळ.

४ जानेवारी

फोन आला नाही. नऊ वाजता मीच केला. "आज सांगितला ना तुला," म्हणाले. नव्हता सांगितला.

संध्याकाळी भेटले तर एकदम टवटवीत. शिंप्याबरोबर सोंगट्या खेळत होते आणि त्याला हरवत होते. सकाळी गाळ, संध्याकाळी लख्ख. म्हातारपण असं हप्त्याहप्त्यानं येतं हे माहीत नव्हतं.

७ जानेवारी

सत्तेचाळीस. सत्तेचाळीस. सलग तीन दिवस सत्तेचाळीस. इतका स्थिर आकडा माझ्या स्वतःच्या खोलीतही राहत नाही.

११ जानेवारी

मास्तर पडले. बाथरूमच्या उंबऱ्यापाशी, आंघोळ करून निघताना. खालचा शिंपी जिन्यात होता, त्यानं आवाज ऐकला, दार ढकलून आत गेला, उचलून गॅलरीत खुर्चीवर बसवलं. पाच-दहा मिनिटांत भानावर आले. डॉक्टर येऊन गेले. वय, म्हणाले. एकटं ठेवू नका.

मी गेले तेव्हा गॅलरीतच बसले होते. म्हणाले, "तिला घेऊन जा. आत्ताच. माझा भरवसा नाही, हातून काही होईल तिला."

लिहायला जड जातंय. मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंसुद्धा. पण ते उघड्या दारातून भिंतीकडे बघत होते, जिथे ती नसती तर काय दिसलं असतं ते बघत असल्यासारखे. म्हटलं, राहू द्या. इथली हवा तिला मानवली आहे.

पडले ते डोक्यातली नस होती की नुसती चक्कर, कुणी सांगेना. लेकीला कळवलं. ती पुढच्या महिन्यात येते म्हणाली.

१५ जानेवारी

लॅबमध्ये नऊ कवळ्या. फोन, अठ्ठेचाळीस. आवाज खोल गेलेला. "अगं, आज मला तिचं नाव आठवेना. बायकोचं." मग हसले. "गिटारीला विचारलं, तीही बोलेना."

मी म्हटलं, विश्रांती घ्या मास्तर.

१८ जानेवारी

आज कडाक्याची थंडी. फोन नाही.

१८ जानेवारी, दुपार

मास्तर गेले. आंघोळ करून पलंगावर पडले ते तसेच. शिंपी म्हणाला, "चेहरा काय गुलाबी होता बाई, लहान मुलासारखा. त्रास नाही झाला काही." डॉक्टरांनी हृदय लिहिलं.

मी जिन्यात बसून रडले. खरं रडले. आणि त्यातच एकदा मान वर करून उघड्या दारातून भिंतीकडे बघितलं. दोन्ही खरं आहे.

२२ जानेवारी

लेक आली आहे. चाळिशीची, शांत, वडिलांसारखीच समोरच्याला बोलू देणारी. म्हणाली, "बाबांनी तीनदा सांगितलंय, ही तुमची. पण आठ दिवस राहू द्या माझ्याजवळ. वह्या आवरायच्यात, आणि आईचं आता एवढंच उरलंय."

राहू दे म्हटलं.

मग तीच म्हणाली, "सांगा ना कशी जपायची. बाबा म्हणायचे, दातवाल्या बाईंनी घर बदलून टाकलं." सांगितलं सगळं. खिडक्या उघडू नका, आंघोळीनंतर दार उघडं ठेवा, सकाळी आकडा बघून कळवा. तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. अक्षर अगदी मास्तरांचं.

२३ जानेवारी

"अठ्ठेचाळीस," लेकीचा फोन. बरं वाटलं ऐकून. तीच वेळ, तोच निरोप.

२५ जानेवारी

सत्तेचाळीस. रात्र-रात्र वह्या वाचते म्हणाली. डोकं दुखतंय. रडून असेल, ती म्हणाली. असेल, मी म्हटलं.

नवरा म्हणाला, "तू तिला जेवायला तरी बोलव. गिटारीचीच चौकशी करतेस रोज." उद्या बोलवीन.

२६ जानेवारी, सकाळी सात पस्तीस

लेकीचा फोन आत्ता. "चौऱ्याऐंशी," म्हणाली. मी म्हटलं, पुन्हा बघा. बराच वेळ गेला. "अठ्ठेचाळीस आहे हो. उलटं वाचलं मी. काय होतंय मला."

तिचं वय बेचाळीस.

बाहेर जा म्हटलं. आधी गॅलरीत जा, काही घालू नका पायात, जा. शिंप्याला फोन केला. त्यानं वर जाऊन तिला धरून जिन्यात बसवलं आहे, गिझर बंद केला आहे, खिडक्या उघडल्या आहेत. ती उलटी करते आहे, पण बोलते आहे. डॉक्टर निघाले.

गिझरच्या जळलेल्या, बिनवासाच्या विषारी गॅसला बाहेर पडायला बाथरूमची ती छोटी खिडकी एकच वाट होती. लॅबमध्ये मी बर्नर पेटवायच्या आधी पंखा लावते. एकोणतीस वर्षं, एक दिवस चुकले नाही.

नवरा गाडी काढतो आहे. तेवढ्यात हे लिहिते, म्हणजे तिथे पोचून तिच्या तोंडाकडे बघितल्यावर मला शब्द फिरवता येणार नाहीत. ती खिडकी मी बुजवली. मास्तर वयानं गेले नाहीत.