दारावरचा कागद

१० मार्च, सोमवार
हॉस्पिटलची फिजिओ घरी येऊन बाथरूमचं दार मोजून गेली. वय पंचवीस, आवाज बालवाडीच्या बाईंचा. 'आंटी, व्हीलचेअर कॅनॉट एंटर.' हे कळायला टेप लागते? चार बोटं कमी पडताहेत, मला सोफ्यावरून दिसतंय. विनायकला २८ ला घरी सोडणार, पण दार रुंद झालं असेल तरच. नाहीतर नर्सिंग होम बघा म्हणाली. ब्रोशर ठेवून गेली. त्यावर सगळे म्हातारे हसताहेत. फाडून टाकलं.

संध्याकाळी वि.कडे. स्ट्रोकनंतर एकच शब्द धड येतो त्याला. 'घरी.' जन्मभर बोटीवर चीफ इंजिनिअर, याच्या आवाजाला अख्खी इंजिनरूम टरकून असायची. माझी ओढणी डाव्या हातात धरून ठेवली, सोडेचना. पाडव्याला घरीच असशील, सांगून आले. सांगितलंय म्हणजे झालंच पाहिजे.

१२ मार्च
काँट्रॅक्टर पाहणी. एकेक रत्नं. पहिला बुटांसकट थेट स्वयंपाकघरात. दुसऱ्याला दार दाखवलं तर तो मार्बलचे नमुने काढून बसला. तिसरा लिम. सरकारी हाउसिंग बोर्डाच्या यादीतला म्हणे, लायसन्सचं कार्ड मंगळसूत्रासारखं गळ्यात. 'भिंत फोडायला परमिट लागतं, आंटी. टू वीक्स, मेबी थ्री. कॅनॉट रश.' माझ्याकडे सोळा दिवस, आणि हा कॅनॉट रश! सरकारी फ्लॅटची एक फालतू भिंत, त्याला किती तो थाट. वाटेला लावला.

१३ मार्च, गुरुवार
केतन आला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची आरास करतो तो, नाशिकचा. दिवसा कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर, बाकी वेळ अशी घरांची कामं. चपला बाहेर काढल्या, आत येऊन वाकून नमस्कार केला. या देशात मला शेवटचा नमस्कार कोणी केला, आठवत नाही. 'काकू, काकांसाठी आहे, चार दिवसांत करून देतो. परमिटचं माझ्यावर सोडा.' साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली.

ईशा फोनवर: 'आई, बोर्डाच्या वेबसाइटवर त्याचं नाव टाक ना. टू मिनिट्स ओन्ली लाह.' म्हटलं, घरच्या माणसाची चौकशी करतात का? नोकरी लागल्यापासून शिंगं फुटलीत कार्टीला.

१७ मार्च, सोमवार
नऊच्या ठोक्याला ठोकाठोक सुरू. केतन रजा टाकून उभा. बाहेरच्या दारावर परमिटचा कागद चिकटवलाय. समोरची आंटी हात मागे बांधून तो वाचत उभी. हिला दुसरे उद्योग नाहीत. अर्धा कॉरिडॉर तिच्या कुंड्यांनी अडवलेला, आणि चौकशा आमच्या.
दुपारपर्यंत चौकट निघाली, बाजूला भगदाड. महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

१८ मार्च
आंटीने बेल वाजवली. 'दिस वन नॉट युअर ब्लॉक, ले.' चष्मा लावून कागद वाचला. ब्लॉक सेरंगूनचा. मजला अकरावा. आम्ही बुकित पंजांगला, चौथ्यावर. कंपनीचं नाव भलतंच.

सव्वीस वर्षं बँकेत कम्प्लायन्समध्ये काढली मी. एका सहीसाठी डायरेक्टर लोकांना तीन-तीनदा माघारी पाठवलंय. आणि स्वतःच्या दारावरचा कागद वाचला नाही. का, तर पोरगा वाकला. बावळट बाई!

केतन, फोनवर: 'काकू, मित्राचं परमिट आहे. माझं नाव नाही यादीत. पण ती नुसती फॉर्मॅलिटी हो.' फॉर्मॅलिटी! मला शिकवतोय. काम थांबवलं.

२० मार्च
बोर्डाचा माणूस आला. तक्रार आंटीची. तोंडावर सांगितलंन, 'वॉल फॉल डाउन हाऊ?' बरोबरच आहे, आणि त्याचाच संताप.

साहेब तिशीचा. न सांगता बूट काढले. फोटो घेतले, नकाशा पाहिला. नशीब, या भिंतीवर वरचा भार नाही. नवीन परमिट मिळेल, पण यादीतला काँट्रॅक्टर आणायचा. आणि लेखी द्यायचं: भिंत फोडणाऱ्याचं नाव काय, आणि तो यादीत आहे का हे मालकाने तपासलं होतं का. पत्राशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही. केतनचं काय होईल विचारलं. 'ॲक्शन विल बी टेकन, मॅडम.' मीही असंच म्हणायचे, अगदी याच आवाजात.

२१ मार्च
केतन बायकोला घेऊन आला. 'काकू, माझा वर्क पास जाईल, देश सोडावा लागेल. लिहा ना, माणसाचा पत्ता लागत नाही म्हणून.' परत वाकला. मी पाय मागे घेतले. म्हणजे आता खोटंही मीच लिहायचं, याच्या अकलेसाठी! बायको बाथरूमपाशी जाऊन भगदाड बघून आली आणि रडायला लागली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. चहासुद्धा विचारला नाही मी.

२४ मार्च
नाक मुठीत धरून लिमला फोन. 'आंटी, आय टेल यू ऑलरेडी, वॉट.' ऐकून घेतलं. आला मात्र त्याच दुपारी. भिंतीवर टकटक केली, केतनच्या माणसांनी अर्धवट ठेवलेल्या पाइपकडे बघून चुकचुकला. पेशंटचं कारण आहे तर आठवड्यात परमिट मिळेल, काम दोन दिवसांचं. फक्त तुमचं पत्र पाहिजे. गळ्यातलं कार्ड आज नीट वाचलं. फोटो अगदीच भिकार.

२८ मार्च
आज वि.ला आणायचं होतं. हॉस्पिटलने ११ एप्रिलपर्यंत दिलंय. शेवटचं. त्यानंतर नर्सिंग होम. फिजिओने परत तेच ब्रोशर हातात दिलं. या वेळी फाडलं नाही, पर्समध्ये आहे.

वि.ला सगळं सांगितलं, केतनसकट. दर गणपतीत लायटिंगच्या वायरी या दोघांच्याच ताब्यात असायच्या. विचारलं, लिहू का त्याचं नाव?
'घरी.'
अरे, हो की नाही ते सांग!
'घरी.' आणि ओढणी.

३० मार्च, पाडवा
गुढी मीच उभारली, कपडे वाळवायच्या बांबूवर. वाकडी झाली. वि. असता तर खालून वर दहा सूचना केल्या असत्यान. समोरच्या आंटीला वाटीभर श्रीखंड दिलं. 'टू स्वीट', म्हणाली. वाटी मात्र घासून परत.

मग पत्राला बसले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी लिहिलं. तपासलं नव्हतं. स्वतःच्या हाताने लिहिलं, खाली सही. पहिल्या प्रश्नाची ओळ कोरी. असा कोरा रकाना समोर आला की सव्वीस वर्षं मी कागद टेबलावरून परत ढकललाय, समोरच्याचं तोंडसुद्धा न बघता.

केतनचा मेसेज नाही. दर पाडव्याला पहिला त्याचाच असतो.

उद्या हरी रायाची, म्हणजे इथल्या ईदची सुट्टी. बोर्डाचं ऑफिस मंगळवारी नऊला उघडतं. पत्र पर्समध्ये ठेवलंय, ब्रोशरशेजारी. पेनही.