आज दोरी कुठं बांधू?

अहो,

बोलताना मी तुम्हाला 'तुमी'च म्हणायची, पण कागद समोर आला की शाळेतलं 'तुम्ही' उमटतं. हसू नका! 'माही बायको सातवी शिकली हाये' असं वांकिडीच्या बाजारात कोण मिरवायचं?

पत्राला कारण तुमचे धाकटे भाऊ. आज सकाळी नामदेव भाऊजी चहाला आले. चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवून दिला. मग दाराबाहेर बघत म्हणाले, "वयनी, माह्या बरडावर बी तुमच्यासारखी दोरी बांदू का?"

त्या दोरीवरून तुम्हाला गावभर हसलेला माणूस हा! "उद्या सांगते," म्हटलं. हो म्हणायला काय लागत होतं? पण या गोष्टीचं बरंवाईट मी एकटीनं कधी ठरवलंय? तुमच्याशी भांडून भांडूनच ठरवलंय ना! म्हणून वांगी तोडायची तशीच ठेवली आणि लिहायला बसले.

आठवतं ना, ते खूळ तुम्ही कुठून आणलं? मैना गायीला सुई टोचायला म्हणून जनावरांच्या दवाखान्यात गेलात आणि परत आलात ते पायातल्या चपला न काढता थेट चुलीपर्यंत. "विमल, आता गायी मोकळ्या सोडाच्या नाई! बरडाचे लहान लहान तुकडे पाडाचे. आज ह्या तुकड्यात, उद्या त्याच्या बाजूच्या. अन् खाल्लेल्या तुकड्यात गवत पुन्हा वर आल्याबिगर पाय ठेवू द्याचा नाई."

"अन् गायीच्या मांगं मांगं पानी कोन वाहीन?" मी विचारलं.

"मी वाहीन!"

वाहिलं कोणी, ते आता तिकडे तरी खरं सांगा.

तेव्हा मी नाही म्हणाले, ते उगाच नव्हतं. आपलं शेत केवढंसं! खाली काळी जमीन, तीत कापूस आणि भाजी. वर तो दगडगोट्यांचा बरड, जनावरांनी खाऊन खाऊन टक्कल पडलेला. आपल्या तीन गायी गावच्या कळपाबरोबर रानात जायच्या. रान मोठं होतं, गायी राखणारा गायकी होता, आपल्या डोक्याला ताप नव्हता. ते सोडून रोज खुंट्या उपटा, दोरी हलवा, पाणी न्या, हे कशाला? भाऊजी तर म्हणत होते, बरड नांगरून तिथंही कापूसच लावा. पण रानातून गायी परत यायच्या त्या थकून, आणि कासेत दूध नावापुरतं. तेही मला दिसत होतंच. म्हणून म्हटलं, एक पावसाळा करून बघा. फक्त बरडावर.

मग तुम्ही माझं जांभळं लुगडं फाडलंत! गायींना नुसती दोरी दिसत नाही, म्हणून दोरीला चिंध्या बांधायच्या. "फाटलंच होतं थे," म्हणालात. अहो, पदराला फाटलं होतं, काठाला नव्हतं! साऱ्या बरडावर माझे जांभळे काठ फडफडताना बघून मला रडू यायचं का हसू, तेच कळत नव्हतं.

आणि कपिली! पहिल्याच आठवड्यात तिनं शिंगानं दोरी उचलली, स्वतः खालून गेली आणि बाकीच्या दोघींनाही घेऊन गेली. भाऊजी दारात येऊन ओरडले, "दादा, तुही शाळा सुटली वाट्टे! तिन्ही पोरी माह्या ज्वारीत हायेत!" पुढं कित्येक दिवस पारावर कोणीही भेटलं की तुम्हाला विचारायचं, "मास्तर, शाळा भरली का?" तुम्ही चिडला नाहीत. उलट म्हणायचात, "भरली. एक पोरगी लय वांड हाये."

चिडलात ते माझ्यावर, खालच्या काळ्या पट्टीवरून. बरडावर जमतंय म्हटल्यावर तुम्हाला धीर कुठला? बांधाकडच्या काळ्या जमिनीत गवताची पट्टी होती, तिथंही दोरी ताणली. मी सांगत होते, झड लागली आहे, काळी माती आहे, आता नका. तुम्ही ऐकलं नाही. एवढ्याशा जागेत तीन गायी, वरून पाऊस. दोन दिवसांत त्या पट्टीचा चिखल झाला. खुरांचे खड्डे, खड्ड्यांत पाणी, गवताची मुळं उघडी. ती पट्टी त्या वर्षी हिरवी झालीच नाही.

त्या संध्याकाळी गोठ्यात गेलात आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणालात, "मैना, मालकीन म्हन्ते थे खरं हाये." इतकी वर्षं संसार केला, माझं खरं होतं हे सांगायला तुम्हाला गाय लागली!

पण बरड! त्याचं श्रेय तुमचंच, तिथं मी हरले. मोकळ्या सोडल्यावर गायी कोवळं मारवेल गवत तेवढं वेचून खायच्या आणि टोचरं कुसळाचं गवत तसंच उभं सोडायच्या. म्हणून दरवर्षी कुसळच माजायचं आणि माझ्या लुगड्यात टोचायचं. लहान तुकड्यात कोंडल्यावर निवडानिवड संपली. कोवळं कुसळही गेलं पोटात. पुढच्या पावसाळ्यात मारवेल गुडघ्याला लागलं. दवाखान्यातले तेलुगू डॉक्टर मुद्दाम बघायला आले आणि तेलुगूत म्हणाले, "गड्डी चाला बागुंदी!" म्हणजे, गवत लई झकास आहे! मग काय, घरात सगळंच बागुंदी. भाकरी बागुंदी, वरण बागुंदी. एकदा मी रागावले तर म्हणालात, "राग बी चाला बागुंदी."

एका गोष्टीवर आपलं कधी जमलं नाही. मी म्हणायची, पाऊस सरला की खाल्लेलं गवत पुन्हा फुटत नाही, मग थंडीत तुमचा हा तुकड्या-तुकड्यांचा फेरा कसला? ते नुसतं पुरवून खाणं. तुम्ही म्हणायचात, "पुरवून खाल्लं तर उरते ना!" उरायचं, हे खरं. होळी झाली तरी आपल्या गायींना बरडावर तोंड घालायला काहीतरी असायचं. पण फेरा तो नव्हे. हे मी अजून सोडलेलं नाही.

माघात तुम्ही गेलात. ताप आला काय, आणि तुम्ही गेलात काय! घर माणसांनी भरलं. गायी कुठं आहेत, कोणी पाणी दाखवलं का, मला काही म्हणता काही सुचत नव्हतं. तिसऱ्या सकाळी बायका भोवती बसलेल्या, आणि बरडावरून भाऊजींचा आवाज आला, "ए कपिले, सरक तिकडं! दादानं लाडावून ठेवलं तुले!" न सांगता ते रोज दोरी सरकवत होते, तुम्हाला शिव्या घालत आणि डोळे पुसत. मला हसू फुटलं हो! एवढ्या बायकांत, सुतकात! पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. थोरल्या जाऊबाई दचकल्या, मग त्याही हसल्या, आणि मग आम्ही दोघी मनसोक्त रडलो.

त्या भाऊजींना आता नाही कशी म्हणू? पण आंधळेपणानं होही म्हणणार नाही. त्यांचा बरड लहान, गायी दोन. एकट्यानं फेरा धरला तर गवताला वर यायला उसंतच मिळणार नाही. म्हणून दोन्ही बरड एक करायचे आणि पाची गायी एकत्र फिरवायच्या. काळ्या मातीत पाय नाही. झड लागली की गायी गोठ्यात. आणि पाणी भाऊजींनी वाहायचं! आधी महिनाभर वाहून दाखवायचं, मगच खुंट्या ठोकायच्या. नुसतं "मी वाहीन" म्हणणारा एक नवरा मी बघितलाय.

पटतं का? गप्प आहात, म्हणजे पटलं.

आता एक वचन देते. हा बरड मी तुमची आठवण म्हणून राखणार नाही. आठवणीला गवताची गरज नाही, गायींना आहे. दर पावसाळ्यात मी डोळे उघडे ठेवून बघेन. ज्या वर्षी गवत थकलेलं दिसेल, गायी उतरलेल्या दिसतील, त्या वर्षी दोरी गुंडाळून ठेवीन. तुम्ही फोटोतून कितीही डोळे वटारा! आणि जोवर गवत उभं आहे, तोवर सकाळी गायी नव्या तुकड्यात शिरल्या, माना खाली गेल्या आणि तो खर्र खर्र आवाज सुरू झाला की घटकाभर तिथंच उभी राहीन. कामं पडली तर पडोत. तुमच्या वाटचंही मीच ऐकेन.

तुमच्याशी भांडायला अजून उभी असलेली,
विमल