चौथ्या मजल्याचा माणूस

मार्गशीर्ष शुद्ध ५, मंगळवार. सन १९२७, सोलापूर

खोली मिळाली एकदाची! आणि तीही चौथ्या मजल्यावर. आमच्या जेऊरला पाटलाची माडी सोडली तर जमिनीच्या वर कुणी राहत नाही. इथे मी गिरणीच्या चिमणीकडे समोर बघत हे लिहितो आहे. खिडकीतून सिद्धेश्वराचं तळं दिसतं, किल्ल्याचा बुरूज दिसतो. खाली वाकून बघायची मात्र भीती वाटते, म्हणून खाट आतल्या भिंतीला लावली.

गेला आठवडा वाईट गेला. दारोदार हिंडलो. आधी गाव विचारतात, मग जात, मग बरोबर कोण. माझ्या बायकोला, सारजाला, दिसत नाही म्हटलं की दार लागतं. एक बाई तोंडावर म्हणाली, आंधळं माणूस जिन्यावरनं पडायचं, अन् निस्तरायचं आमी व्हय? अहो, मोतीबिंदू आहे, दवाखान्यात डोळा करायचा आहे, पण ऐकून घेतो कोण. डॉक्टर डोळे थंडीतच कापतात. ही थंडी गेली तर उरलासुरला उजेडही जाईल, असं त्यांनी बजावलं आहे. पौर्णिमेनंतरच्या सोमवारी आणा म्हणाले.

आज बाजारात धुळा नावाचा माणूस आपणहून जवळ आला. या इमारतीचा राखणदार. बाबा, खोली पायजे का? त्याने गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. मागे लेक, पुतण्या कुणी आहे का, एवढंच विचारलं. कुणी नाही म्हटल्यावर म्हणाला, मग चला की.

शुद्ध ६, बुधवार

इमारत माणसांनी भरलेली आहे, पण माझ्याशी बोलणारं कुणी नाही. राम राम केला की तोंड फिरवतात. तिसऱ्या मजल्यावर केराबाई म्हणून एक दांडगी बाई राहते. सकाळी मी जिना चढताना तिने तांब्याभर पाणी माझ्या पाठीवर ओतलं. सांडलं असेल म्हणावं, तर तसं काही बोलली नाही. रिकामा तांब्या धरून माझ्याकडे बघत राहिली. जिन्यातली बाकीची माणसंही हातातलं काम टाकून बघत होती. मी उपरण्याने पाठ पुसली आणि वर आलो.

जिन्याच्या भिंतीला चीर गेली आहे, तळापासून माझ्या खोलीपर्यंत. चुन्याने बुजवली होती, पुन्हा उघडली आहे. हात घातला तर आतून गार वारा लागतो. सारजाला भिंत धरून चालायची सवय, तिला सांगून ठेवायला हवं.

शुद्ध ८, शुक्रवार

आज नळावर पुन्हा तेच. या वेळी तळमजल्यावरचा ईरप्पा. डोक्यावर लोटा उपडा केला, आणि पुन्हा सगळे गप्प उभे. मी भांडलो. म्हाताऱ्या माणसाची अशी चेष्टा करता, लाज वाटत नाही का? कुणी हसलंसुद्धा नाही. मला तेच जास्त लागलं. चेष्टा असती तर हसले असते.

धुळ्याकडे तक्रार केली. तो म्हणाला, पाणीच हाय की बाबा, त्येनं काय माणूस विरघळतंय? मग जरा वाकून विचारलं, गार लागलं का? मी म्हटलं, मुळीच नाही. त्याचं तोंड उतरलं.

दुसरी जागा बघायला पुन्हा हिंडलो. सगळीकडे नकार. आता खोली सोडता येत नाही. गावचा एक माणूस उद्याच्या गाडीने परत जातो आहे, त्याच्याबरोबर निरोप देणार आहे: सारजाला येत्या गुरुवारच्या गाडीत बायकांच्या डब्यात बसवून द्या.

शुद्ध १०, रविवार

माणसं ओळखण्यात मी चुकलो. सकाळी बोचरा वारा होता. केराबाईने वरून अख्खी घागर ओतली. मी मनाशी ठरवलं होतं की यांच्यासमोर जागचं हलायचं नाही, पण डोक्यापासून पायापर्यंत शहारा आला आणि अंग आपोआप झडझडलं. त्याबरोबर सगळ्या जिन्यातून सुस्कारा उठला. कुणीतरी हात जोडले. एक म्हातारी रडायला लागली.

आणि मग काय विचारता! केराबाईने स्वतः माझं डोकं पुसलं, गरम भाकरी, दही, गूळ आणून दिला. काल तोंड फिरवणारे आज पाया पडून गेले. बाबा, पाणी आमी आणतो, तुमी खाली उतरू नका. शहरात असंच असेल, आधी पारखतात, मग आपलं म्हणतात. सारजाला इथे करमेल.

शुद्ध १२, मंगळवार



बाजारात गेलो होतो. धुळा बरोबर आला, हल्ली एकट्याला सोडत नाहीत. वाटेत देवीच्या देवळापुढे बोकड उभा केला होता. गळ्यात माळ, कपाळाला हळद. पुजाऱ्याने त्याच्या पाठीवर पाणी शिंपडलं आणि सगळी माणसं गप्प उभी राहिली. बोकडाने अंग झाडलं. दिला, दिला, कौल दिला, असा ओरडा झाला.

जन्मभर हे बघत आलो. बोकडाने अंग झाडलं की देवीला तो मान्य झाला. झाडल्याशिवाय कापत नाहीत. जन्मभर बघत आलो आणि माझ्याच पाठीवर पाणी पडत होतं तेव्हा—

मी स्टेशनाकडे धावलो. धुळ्याने दंड धरला. बघणाऱ्यांना म्हणाला, आमचा म्हातारा हाय, डोस्कं फिरलंय जरा. लोक हसले. एकाने मलाच समजावलं, जावा बाबा घरी.

बुधवार

जिन्यात कायम दोघे बसून असतात.

ईरप्पा जेवण घेऊन आला. त्याला विचारलं, त्याने लपवलं नाही. ही इमारत बुजवलेल्या विहिरीवर उभी आहे. चौथा मजला चढला आणि चीर पडली. बोकड आणला, कितीही पाणी घातलं तरी अंग झाडेना. दुसरा आणला, तोही दगडासारखा उभा. मग गवंड्याने सांगितलं, या इमारतीला बोकड नको आहे. ईरप्पा म्हणाला, माजी चार लेकरं खालच्या खोलीत झोपत्यात बाबा, मी काय करू? आणि ताट पुढे सरकवून म्हणाला, दही तेवढं खावा.

उद्या सारजा येते आहे. तिला अडवायचं कसं? खिडकीतून ओरडलो. गिरणीचा आवाज— इतक्या वर— खाली कुणी मानसुद्धा वर केली नाही.

गुरुवार

केराबाई येऊन बसली. शांत बोलली. उद्या, शुक्रवारी दुपारी. तुमी निमूट उतरला तर बाईला सोमवारी दवाखान्यात नेऊ, डोळा करून आणू, जन्मभर संभाळू. भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली. ओरडलात तर, म्हणाली, बाई बी म्हातारीच हाय. तिलाबी थंडी वाजंल की.

मी हो म्हटलं.

धुळा तिला आणायला स्टेशनावर गेला होता. टांगा आला. वरून बघितलं— सगळ्याजणी तिच्या हाताला धरून— ती हसत होती.

वर आल्यावर म्हणाली, लई चांगली माणसं गाठली तुमी. केराबाई सोमवारी संगं येणार हाय म्हणं. दिसायला लागल्यावर आधी तुमचं तोंड बघीन, किती म्हातारं झालाय ते.

 खरं बोललो तर ती दवाखान्यात जाणार नाही.

शुक्रवार

मला हळद लावून गेले. तिने विचारलं, कशाचा वास? सांगितलं, खाली कुणाचं तरी लग्न आहे.

शपथ पाळतील का? पाळतील. भाकरीवरची आहे. पाळतील ना—

जिना माणसांनी भरला आहे. कुणी बोलत नाही. एवढी माणसं, आणि—

सारजाने लुगडं बदललं. म्हणते, आपल्याला बी बोलावलंय खाली, आवरा की. उगाच हसून बोलतो आहे, तिला संशय येऊ नये म्हणून. तिला इथेच ठेवायला हवं. केराबाई दारात म्हणते, येऊ द्या की बाईला, तिला कुटं दिसतंय.

सारजा म्हणते, किती वेळ लिवताय? जिना उंच हाय, तुमी घाबरता— मी हात धरते. तिचा हात गरम आहे. मी कापतो आहे ते तिला कळलं. म्हणते, अगंबाई, थंडी वाज—